पाठ आधी की आचरण?

सुरुवातीची काही शतके बुद्धवचन भिक्षूंच्या कंठात होते. परंपरेनुसार राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या पठणसभेत, उपालीने विनय (संघाचे नियम) आणि आनंदाने धम्म (उपदेश) सांगितला, आणि पुढे दीघनिकाय, मज्झिमनिकाय असे एकेक संग्रह मुखोद्गत राखण्याचे काम ‘भाणकां’च्या, म्हणजे पठण करणाऱ्या भिक्षूंच्या, स्वतंत्र शाखांनी वाटून घेतले. मात्र जे वचन केवळ स्मृतीत असते त्याचे आयुष्य ते धारण करणाऱ्याच्या आयुष्याशी बांधलेले असते. आणि धारण करणाराच शीलभ्रष्ट असेल तर काय करावे, हा प्रश्नही त्यातून उभा राहतो.

इसवी सनपूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपावर, म्हणजे आजच्या श्रीलंकेवर, आक्रमण आणि दुष्काळ एकदमच कोसळले, तेव्हा हा पेच खराखुरा पुढे आला. ‘महानिद्देस’ हे सुत्तनिपाताच्या काही भागावरील जुने भाष्य त्या संकटकाळात एकाच भिक्षूला पाठ उरले होते आणि त्याचे वर्तन निंद्य होते, असे ‘समन्तपासादिका’ ही विनयाची अट्ठकथा, म्हणजे पारंपरिक टीका, सांगते. महारक्खित नावाचे थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, त्याच्याकडून शिकायला तयार होईनात. अखेर ‘मी जवळ बसतो’ असे वडीलधाऱ्या थेरांनी म्हटल्यावर त्यांनी रात्रंदिवस बसून तो ग्रंथ आत्मसात केला, आणि शेवटच्या दिवशी त्या भिक्षूच्या खाटेखाली एक स्त्री त्यांच्या दृष्टीस पडली. आधी कळते तर शिकलो नसतो, असे ते म्हणाले. पण पाठ झालेला ग्रंथ टाकून देण्याचा विचार कोणी केला नाही, उलट त्यांच्याकडून इतर थेरांनी तो घेतला. अट्ठकथेने हा अवघडलेला प्रसंग झाकला नाही, हे विशेष.

याच दुष्काळात देशात राहिलेले साठ भिक्षू कंदमुळे व पाने खाऊन पठण करीत राहिले. बसण्याइतके त्राण नसे तेव्हा वाळूचे ढीग करून, डोकी एकत्र टेकवून ते उजळणी करीत. भारतातून परतलेल्या भिक्षूंशी त्यांनी पाठ ताडून पाहिला तेव्हा एका अक्षराचाही फरक निघाला नाही, असे अंगुत्तरनिकायाची अट्ठकथा म्हणते. हे शब्दशः खरे मानणे कठीण आहे, कारण चिनी अनुवादात टिकलेल्या अन्य संप्रदायांच्या सूत्रांत आशय पुष्कळसा तोच असला तरी क्रम आणि शब्द जागोजागी वेगळे आढळतात. त्यानंतर मण्डलाराम विहारात वाद झाला, की शासनाचे, म्हणजे बुद्धाच्या धर्मव्यवस्थेचे, मूळ ‘परियत्ती’ (ग्रंथांचे अध्ययन) की ‘पटिपत्ती’ (आचरण). टाकून दिलेल्या चिंध्यांची चीवरे वापरणारे पांसुकूलिक आचरणाच्या बाजूचे होते, धम्मकथिक, म्हणजे धर्मोपदेश करणारे, अध्ययनाच्या. आणि जिंकले धम्मकथिक. आचरणवंत कितीही असले तरी पाठ नष्ट झाल्यावर आचरावे काय हेच कळणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

याच शतकात वट्टगामणी अभय राजाच्या काळात तिपिटक, म्हणजे बुद्धवचनाचा संपूर्ण संग्रह, व अट्ठकथा ग्रंथारूढ झाल्या. मातलेजवळचे अलुविहार हे ते ठिकाण, अशी तेथील परंपरा आहे. लिहिल्यावरही पठण थांबले नाही. मात्र पुढे भिक्षुजीवनाचे ‘गंथधुर’ म्हणजे अध्ययनाचा भार आणि ‘विपस्सनाधुर’ म्हणजे ध्यानाचा भार असे दोन भाग मानले गेले, आणि धम्मपदाच्या अट्ठकथेतील चक्खुपाल थेर उतारवयात प्रव्रज्या घेतल्याचे कारण देऊन ग्रंथांचा भार नाकारतात व दुसरा पत्करतात. म्हणजे मण्डलारामात हरलेल्या पक्षालाही परंपरेने आपल्याच घरात जागा ठेवली होती.