काचपेटीतील पोवळे आणि आपले देणे

मनुष्याने स्वतःच्या हौसेखातर जो जीव घरात आणून ठेवला, त्याच्या आजारपणात तो त्याचे काय देणे लागतो? गाय, बैल, कुत्रा यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आमच्या वाचकांना शिकवावे लागत नाही. बैलाच्या खुराला जखम झाली तर शेतकरी पानावरून उठून हळद-तेल घेऊन गोठ्यात जातो. परंतु जो जीव हंबरत नाही, ज्याला मुळी डोळेच नाहीत, त्याच्या बाबतीत काय? दुबईत नोकरीस असलेल्या आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. त्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी आहे आणि तीत माशांबरोबर जिवंत मृदू प्रवाळ वाढतात. त्यांतील एक कुजू लागला. औषध, वेगळी पेटी, रात्रीची जागरणे हे सारे पाहून घरात वाद झाला. "फादर, एका पोवळ्यापायी एवढा खर्च करणे पाप तर नव्हे ना?" असा त्यांचा सवाल होता.

हा जीव कोण, हे आधी पाहिले पाहिजे. गळ्यात घालायचे लाल पोवळे हे मृदू प्रवाळाचे नातेवाईकच. पण पोवळ्याला कठीण सांगाडा असतो, तर मृदू प्रवाळाच्या मांसल देहात चुन्याचे सूक्ष्म कण तेवढे विखुरलेले असतात. शेकडो पॉलिप एकाच देहात जोडलेले, आणि प्रत्येकाला पिसासारखे आठ बाहू. मेंदू नाही, मज्जातंतूंचे विरळ जाळे मात्र आहे. यांच्यातील अनेकांच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. अळंबीसारख्या आकाराचा सार्कोफायटन हा घरगुती पेट्यांत विशेष आढळणारा प्रकार.

या सार्कोफायटनची एक खोड जाणून घेण्यासारखी आहे. मधूनमधून तो सारे बाहू आत ओढून घेतो, रंगाने फिका पडतो, आणि त्याच्या अंगावर मेणासारखा पातळ पापुद्रा चढतो. हे आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक चालते. मग पापुद्रा गळून पडतो, त्याबरोबर अंगावरची घाण व शेवाळ जाते, आणि प्रवाळ पुन्हा फुलतो. नवख्या मालकाला हे मरणाचे लक्षण वाटते. तो धावपळ करतो, पाण्यात औषधे ओततो, आणि धडधाकट जिवाला खरोखरच आजारी पाडतो. पाण्याला जरा जोराचा प्रवाह द्यावा आणि वाट पाहावी, एवढेच तेथे करावयाचे असते. आजाऱ्याच्या उशाशी काही न करता बसून राहणे किती अवघड, हे ज्यांनी घरात दुखणी काढली आहेत त्यांना ठाऊक आहे.

खरा रोग वेगळा दिसतो. देहाचा एखादा भाग तपकिरी वा काळा पडतो, बुळबुळीत होऊन सुटू लागतो, त्याला दुर्गंधी येते. अशा वेळी प्रथम तपासावे ते पाणी: उष्णता वाढली काय, मीठ कमी-जास्त झाले काय, शेजारी कोण आहे. कारण मृदू प्रवाळ दिसायला गरीब असले तरी पाण्यात विषारी द्रव्ये सोडून शेजाऱ्याची वाढ रोखतात. म्हणून जाणकार पाण्याच्या मार्गात सक्रिय कोळसा ठेवतात. त्यानंतर रोगट प्रवाळ बाहेर काढून, त्याच पेटीच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात, धारदार पात्याने कुजलेला भाग निरोगी मांसाच्या थोडा आतून कापतात. उरलेला भाग आयोडीन मिसळलेल्या समुद्रजलात दहा-पंधरा मिनिटे बुडवून वेगळ्या पेटीत ठेवतात. हातमोजे आणि चष्मा आवश्यक. प्रवाळांच्या दूरच्या भावंडांपैकी पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे भयंकर विष असते. अमेरिकेतील अलास्का येथे २०१२ ते २०१४ या काळात दुकानांत आणि घरांत अशा जिवांची हाताळणी करताना माणसे आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. ते चिकटलेले दगड उकळत्या पाण्याने साफ करू नयेत, हे येथे स्पष्टच सांगितलेले बरे.

वेगळी पेटी कशासाठी, याचे आणखी एक कारण आहे, आणि नीतिविचाराच्या दृष्टीने आम्हांला तेच सर्वांत बोधप्रद वाटते. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पाडणाऱ्या रोगावर तांबे हे जुने, गुणकारी औषध. पण तेच तांबे प्रवाळाला मारते. एकाच पाण्यात एकाची संजीवनी ती दुसऱ्याचे हलाहल! तेव्हा दया उत्पन्न झाली म्हणजे काम संपले असे होत नाही. औषध कोणाकोणाच्या अंगाला लागणार आहे, हे न पाहता केलेली दया शेजाऱ्याचा जीव घेते.

आता मूळ प्रश्न. प्रवाळाला वेदना होते म्हणून आपण त्याचे देणेकरी आहोत, असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही. मेंदू नसलेल्या जिवाला आपल्या अर्थाने दुःख होते असा पुरावा नाही. पण देणे केवळ दुःखातूनच उत्पन्न होते असे कोणी सांगितले? सागरातील प्रवाळ भरतीवर आणि सूर्यावर विसंबून असतो. पेटीतला प्रवाळ विजेच्या दिव्यावर आणि मालकाच्या स्मरणशक्तीवर. हे परावलंबन त्याने मागितले नव्हते, ते आपण त्याच्यावर लादले. देणे निर्माण होते ते येथे. राहिला खर्चाचा प्रश्न. गरिबाला औषध मिळत नसता पोवळ्याला द्यावे काय, हा प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. मात्र तो पेटी विकत घेण्याच्या दिवशी विचारावयाचा असतो. हजारो रुपयांची काच, दिवे आणि पंप घेताना ज्याला गरीब आठवला नाही, त्याला तो नेमका आयोडीनच्या बाटलीपाशी आठवावा, ही सोयीची करुणा झाली. त्या गृहस्थांना आम्ही हेच सांगितले. त्यांच्या पत्नीला ते फारसे रुचले नाही, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होते, कारण घरचे काम वाढते ते त्यांचे.

"मग सबंध पेटीसाठी एका रोग्याला फेकून द्यावे की नाही?" हा पुढचा प्रश्न. सडणारा प्रवाळ पाणी नासवतो आणि इतरांना मारू शकतो, हे खरे. तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी सबंध देहाच्या हितासाठी सडलेला अवयव कापणे योग्य ठरवले. त्या विचाराने प्रवाळाचा कुजका भाग कापणे सहज समर्थनीय होते. परंतु पेटी हा काही देह नव्हे आणि प्रवाळ तिचा अवयव नव्हे. तो स्वतःच एक सबंध जीव आहे. म्हणून अवयवाचा न्याय येथे उचलून लावता येत नाही. त्याला वेगळे ठेवून पाहावे; उपाय थकले तरच हात आखडावा. गंमत अशी की कापलेल्या कृमीचे दोन्ही तुकडे जिवंत राहतात, याचाही विचार या संतांनी केला होता: असा जीव प्रत्यक्षात एक असला तरी शक्यतेत अनेक असतो, असे त्यांचे मत. प्रवाळ पाहता आला असता तर त्यांनी आणखी चार पाने लिहिली असती.

समुद्रातल्या प्रवाळाबाबत आपले असे काही देणे नाही, असे पूर्वी बेधडक म्हणता आले असते. आज ते कठीण आहे. समुद्र तापवणारे आपण आहोत. एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट शास्त्रज्ञांनी जाहीर केली. फ्लॉरिडात २०१४ पासून दगडी प्रवाळांचे मांस झडवणारा रोग पसरला, तेव्हा पाणबुडे अमॉक्सिसिलिनचा लेप घेऊन समुद्रतळाशी उतरू लागले. काचपेटीच्या भिंती अशा दूर दूर सरकत आहेत.

एक गोष्ट मात्र कोणी करू नये: कंटाळा आला वा कीव आली म्हणून प्रवाळ समुद्रात सोडणे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर हिंदी-प्रशांत महासागरातला युनोमिया नावाचा मृदू प्रवाळ असाच हौशी पेट्यांच्या व्यापारातून पोहोचला असावा, असे अभ्यासक मानतात. तेथे त्याने मूळच्या प्रवाळांवर पसरून त्यांना गुदमरवून टाकले आहे. आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे. तेथून काही उचलून आणणे हा गुन्हा, आणि परका जीव तेथे सोडणे हा त्या समुद्रावर अन्याय. मेलेला तुकडा बंद पिशवीत घालून कचऱ्यात टाकावा. रोग्याच्या पेटीतले पाणी ब्लीचिंग पावडर घालून काही वेळ तसेच ठेवावे, आणि मगच मोरीत ओतावे.