ध्रुपद कोण धरतं?

आवडणं, गहिवरणं आणि बरं वाटणं या तीन निराळ्या गोष्टी आहेत. गाणं एकच, त्याची रचना तिन्हींपर्यंत तीन वाटांनी पोचते.

*

आवड ओळखीतून येते. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते, असं रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं. भजनी मंडळांचा व्यवहार आधीपासून त्यावरच चालला होता. ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर परत येतं, ते कवीला पुढचं सुचलं नाही म्हणून नव्हे.

*

ओळख फार झाली की मात्र कान कंटाळतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइनने १९७१ मध्ये हे नेमकेपणाने मांडलं: फार सोपं नीरस, फार गुंतागुंतीचं नकोसं, सुख मधे कुठेतरी. पण प्रत्येकाचा मध्य वेगळा. वर्षानुवर्षं विलंबित ख्याल ऐकलेल्याला जे सहज, ते नवख्याला अरण्य. ‘काही कळलं नाही’ हा अभिप्राय गाण्याबद्दल थोडा, ऐकण्याच्या वयाबद्दल जास्त असतो.

*

वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात गिरड. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे माथा टेकतात. दर्गा म्हटला की चिश्ती परंपरेतली कव्वाली आठवते आणि कव्वाली म्हणजे ऐकणाऱ्याचा मध्य हळूहळू सरकवण्याची कला. मुखडा ठाऊक, टाळी पक्की. मग गायक ‘गिरह’ लावतो: दुसराच शेर आणून चालू ओळीला बांधतो. ऐकणारा क्षणभर परका होतो, ओळ परतली की पुन्हा आपला. ओळीचे शब्द तेच राहतात म्हणूनच लय चढल्याचं कळतं.

*

गहिवर उशिरातून येतो. संगीतशास्त्रज्ञ लिओनार्ड मेयरने १९५६ साली संगीतातल्या भावनेचं मूळ अपेक्षेत आणि तिच्या अडण्यात शोधलं. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की आवडत्या गाण्याच्या अत्युच्च क्षणी मेंदूत डोपामिन स्रवतं. त्या क्षणाची चाहूल लागतानाही स्रवतं, पण मेंदूच्या वेगळ्या भागात. तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) उतरणारी तिहाई ऐकताना आपण हेच अनुभवतो: समेचं वचन तीनदा, पूर्तता एकदा. अर्थात, सम कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी उशीर नसतोच.

*

दिल्लीचे चिश्ती संत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी १२३५ मध्ये वारले. परंपरा सांगते, की एका फारसी शेराने त्यांचं भान हरपलं, कव्वाल तोच शेर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. कव्वालाचा रिवाज आजही तोच: ज्या ओळीवर श्रोत्याला हाल येतो, म्हणजे त्याचं भान हरपतं, ती ओळ सोडायची नाही. रचना किती लांबणार, हे अशा वेळी गाणाऱ्याच्या हातात नसतं.

*

गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. फकिराची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ दगड झाले, अशी आख्यायिका आहे. गाण्याचंही तसंच. कुत्सित कानाशी ते दगडासारखंच पडून राहतं.

*

बरं वाटण्यासाठी मात्र चांगला कानही पुरत नाही. वाटा उचलावा लागतो. एकत्र गाताना सगळे एकाच जागी श्वास घेतात. ओळ लांबली की उच्छ्वास लांबतो, नाडी संथ होते. विदर्भात हे काम तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने केलं. महाराज १९३६ साली गांधीजींच्या आश्रमात राहून गेले. मौनाचा दिवस विसरून गांधीजींनी भजन पुन्हा म्हणायला सांगितलं, अशी आठवण सांगतात. पण महाराजांचा भर स्वतःच्या गळ्यावर नव्हता, सामुदायिक प्रार्थनेवर होता. ऐकणाऱ्यांना त्यांनी म्हणणारे केलं.

*

बरं वाटणं म्हणजे शांत होणं एवढंच नव्हे. १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या उठावानंतर इंग्रज सरकारने तुकडोजी महाराजांना तुरुंगात टाकलं. खंजिरी तीच, ध्रुपद तेच. एका सुरात प्रार्थना म्हणणारी माणसं एकत्र उभीही राहू शकतात, हे सरकारला बरोबर कळलं होतं.

*

फोन आपल्या आवडीची यादी बिनचूक करून देतो. आवड भागते, कधी गहिवरही येतो. तिसरी गोष्ट यादीत बसत नाही, कारण तिथे गाणं आपलं थांबत नाही आणि आपल्यावाचून त्याचं अडतही नाही.

*

कोणत्या दुखण्यावर कोणता राग, असं लोक विचारतात. त्याआधी विचारावं: ध्रुपद धरायला सोबत कोण आहे?