क्षणाचा दाखला

आखाजीच्या सुमारास जळगाव-धुळ्याकडील गावांत लिंबाच्या फांद्यांना झोके टांगले जातात, माहेरी आलेल्या लेकींपाठोपाठ त्यांची पोरेही झोक्यांवर हक्क सांगू लागतात, आणि ती पोरे छायाचित्रात धरू पाहणाऱ्या मामाच्या पदरी बहुधा पुसट, पसरलेले, नाक कोठे आणि डोळे कोठे याचा थांग न लागणारे एक भूत पडते. वैशाखात खानदेशात उन्हाची ददात नसते. तेव्हा अंधाराची सबब सांगण्याचीही मुभा नाही. चूक असते ती काळाच्या मापात. हे माप किती सूक्ष्म धरावे, हा प्रश्न वरवर कारागिरीचा दिसला, तरी आपल्याकडील दर्शनकारांनी तो कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी हाताळलेला आहे.

वसुबंधूच्या अभिधर्मकोशात अहोरात्राचे 30 मुहूर्त, मुहूर्ताचे 30 लव, लवाचे 60 तत्क्षण आणि तत्क्षणाचे 120 क्षण सांगितले आहेत. गुणाकार करून पाहिला, तर क्षण म्हणजे आपल्या सेकंदाचा 75 वा भाग ठरतो. अंगणात धावणारे चार वर्षांचे पोर सेकंदाला 3 मीटर सहज कापते. म्हणजे एका बौद्ध क्षणात ते 4 सेंटीमीटर पुढे गेलेले असते, आणि चित्रात त्याचे नाक गालावर जाऊन बसते. शटरचा वेग 500 व्या भागावर नेला की हे सरकणे 6 मिलिमीटरांवर येते, 1000 व्या भागावर नेला की 3 मिलिमीटरांवर. मग पाहणारा चित्राला स्पष्ट म्हणून मोकळा होतो. ते उरलेले 3 मिलिमीटर कोणी माफ केले? आपल्याच डोळ्याने. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात परमाणूस एक जागा सोडून लगतची जागा गाठण्यास लागणाऱ्या काळाला क्षण म्हटले आहे, आणि त्या क्षणापर्यंत कोणत्याही कंपनीचा कॅमेरा पोचण्याची भीती नाही.

त्याच भाष्यात पुढे असे येते, की दोन क्षण कधीच एकत्र नांदत नाहीत, सबब त्यांचा क्रम ही काही वस्तू नव्हे. मुहूर्त, दिवस, रात्र ही सारी बुद्धीची रचना. हे मान्य केले, तर छायाचित्र तेवढे खरे आणि पोराचे धावणे हा आपल्या बुद्धीचा खेळ, असे कबूल करण्याची पाळी येते. मला ते मान्य होत नाही, आणि माझा साक्षीदार गावातला फोटोवाला आहे. जाणता फोटोवाला झोका मध्यावर असताना बटण दाबत नाही, कारण तेथे वेग सर्वांत अधिक. तो पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर गुडघे टेकून बसतो, झोका जेथवर जाऊन परततो त्या टोकावर फोकस आधीच बांधून ठेवतो आणि दोन-चार हेलकावे नुसते जाऊ देतो. टोकाशी आल्यावर पोर घटकाभर नव्हे, निमिषभर अधांतरी असते. त्या ठिकाणी वेग शून्य होतो, आणि साधा कॅमेराही निभावून नेतो. ज्याने हेलकाव्यांचा क्रम मनात मोजला, त्यालाच तो क्षण सापडतो. क्रम जर केवळ कल्पना असेल, तर ती भलतीच उपयोगी कल्पना म्हणावी लागेल.

आणि एवढे करून हाती आलेले चित्र आईपुढे ठेवावे, तर ती म्हणते, “हाऊ काय मना पोऱ्या शे?” वाकडे झालेले तोंड, अर्धवट मिटलेले डोळे, हवेत राहिलेला पाय, यातले काहीच तिने पाहिलेले नसते.

अमळनेरास 1916 साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरात ज्या वेदान्ताचे अध्ययन होत आले, त्यात शंकराचार्यांनी बौद्धांच्या क्षणिकवादाचे खंडन स्मरणाच्या आधारे केले आहे. काल पाहिलेले आज ओळखायचे, तर पाहणारा दोन्ही वेळी एकच हवा. नुसत्या सादृश्याने ओळख पटते, हे बौद्धांचे उत्तर त्यांना ठाऊक होते. त्यावर ते म्हणतात, की बाहेरच्या वस्तूंविषयी तसा संशय चालेल, परंतु ‘तो मीच, की माझ्यासारखा दुसरा कोणी’ असा संशय स्वतःविषयी कोणालाच येत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र आपण दीड वर्षाचे असताना काढलेले चित्र हाती धरावे, म्हणजे नेमका तोच संशय येतो. ते मीच, की माझा थोरला भाऊ? केसन्‌केस मोजता येईल इतके स्पष्ट चित्रही याचा फैसला करीत नाही. मावशी सांगते, “अरे, तूच तो, ते झबले मीच शिवले होते,” तेव्हा कोठे दस्तऐवजावर साक्ष पडते. आत्मा स्मरणावर अवलंबून नाही, सुषुप्तीतही तो असतोच, असे वेदान्ती यावर म्हणतील, आणि ते योग्यही असेल; पण त्या वयातला ‘मी’ व्यवहारात तरी दुसऱ्याच्या स्मरणात अनामत ठेवलेला असतो, हे त्यांनाही नाकारता येणार नाही.

क्षणिकवादाच्या घरातही याहून वेगळे घडलेले नाही. जळगावाहून सहज जाऊन येण्याजोग्या अजिंठ्यात, 17 व्या लेण्याच्या भिंतीवर, भिक्षापात्र घेतलेल्या बुद्धापुढे एक स्त्री आपल्या मुलाला पुढे करीत आहे. ही यशोधरा आणि हा राहुल, असे मानतात. राहुलाला पित्याची ओळख नव्हती. विनयपिटकातील कथेप्रमाणे, हा तुझा पिता, त्याच्याकडे जाऊन वारसा माग, असे त्याला आईनेच सांगितले. आणि तिच्या शब्दाखेरीज दुसरा दाखला त्याच्यापाशी नसताना तो गेला व मागू लागला.