आवाजाची राखण

गेल्या श्रावणात आमच्या हुबळीच्या घरातील पत्र्याची एक जुनी ट्रंक उघडली, तेव्हा तीत ४३ सीडी निघाल्या. आमच्या मामांना ध्वनिमुद्रणाचा छंद होता. १९८० नंतरच्या वीस वर्षांत देवळातील उत्सवांची भजने, कीर्तने आणि अधूनमधून कोणाच्या माडीवर झालेल्या बैठका त्यांनी कॅसेटवर टिपून ठेविल्या होत्या. आपल्याकडील पावसाळ्यात त्या फितींवर बुरशी धरू लागली, म्हणून २००४ साली एका दुकानदाराकडून त्यांनी सर्व मजकूर सीडींवर उतरवून घेतला आणि काळजी मिटली असे समजून ट्रंकेस कुलूप लाविले. कॅसेटी टाकून दिल्या. पुढे मामा गेले, कुलूप तसेच राहिले. आज त्या ४३ पैकी ९ सीडी संगणक वाचावयास तयार नाही. आणखी ५ अशा की, भजन ऐन रंगात यावे आणि आवाज तुटावा.

दुकानदाराचा दोष म्हणावा, तर तसेही नाही. घरी वा दुकानात लिहिल्या जाणाऱ्या सीडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेसरच्या किरणाने त्यावर खुणा उमटतात आणि त्या खुणा म्हणजेच आपले भजन. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी ते रंगद्रव्य हळूहळू बिघडते. १९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हा तिच्या चिरस्थायित्वाची मोठी वाखाणणी झाली होती. परंतु ती कारखान्यात ठसा उठवून काढलेल्या सीडीची होती. घरगुती सीडीने तिचे रूप घेतले, आयुष्य घेतले नाही. मामांची खरी चूक कुलूप लावण्यात झाली, असे आम्हांस वाटते. देवळातील नंदादीप एकदा लाविला म्हणजे काम झाले, असे कोणी मानीत नाही. तेल रोज घालावे लागते. पूर्वीच्या मठांतून पोथ्या टिकल्या त्या ताडपत्राच्या बळावर टिकल्या नाहीत. पान जीर्ण होण्यापूर्वी कोणीतरी बसून दुसरी प्रत करीत असे, म्हणून त्या टिकल्या.

त्या लेखकांपेक्षा आपली स्थिती एका बाबतीत भाग्याची आहे. पोथीच्या प्रत्येक प्रतीत नवे प्रमाद शिरत. फितीवरून फीत उतरविली की खरखर वाढत असे. चौथ्या पिढीस मूळ गळा ओळखू येत नसे. अंकांच्या रूपाने साठविलेला आवाज मात्र एका ज्योतीवरून दुसरी ज्योत लावावी तसा जातो, आणि मूळ उणे होत नाही. तथापि अट एक आहे. प्रत झाल्यावर ती मुळाशी अक्षरशः जुळते की नाही, हे संगणकाकडून पडताळून घेतले पाहिजे. बहुतेक लोक हा अर्धा तास वाचवितात. जुना लेखक पोथीच्या शेवटी, जसे दिसले तसे लिहिले, दोष माझा नव्हे, अशी क्षमा मागून मोकळा होत असे. आपल्याला तेवढीही सवलत नाही, कारण जुळते की नाही ते आपण पाहू शकतो.

आमच्या भाच्याने सुचविले की, सर्व काही एम्‌पी३ करावे. दहाव्या हिश्श्याच्या जागेत मावेल. मोठ्या आवाजाच्या सावलीत जो बारीक आवाज कानास जाणवत नाही, तो गाळून टाकणे ही त्या पद्धतीची युक्ती. रोजच्या ऐकण्यास ती पुरेशी आहे, हे कबूल. पण मूळच गाळून ठेवावयाचे, आणि काय गाळले ते पुन्हा कधी कळणार नाही, यास आमचे मन घेईना. कोणी असेही म्हणाले की, मधल्या घंटा, मुलांचे रडणे, मामांचा खोकला काढून टाकावा. मामांचा खोकला आता दुसरीकडे कोठे मिळावयाचा? आम्ही काहीच काढले नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणारे भेटतात, आणि त्यांचा प्रश्न पोकळ नाही. अल्लादियाखाँसाहेब (१८५५–१९४६) यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचीही नाही. तरी अल्लादियाखाँची गायकी आपल्या धारवाडात पोहोचलीच : प्रथम मंजीखाँ आणि १९३७ साली ते वारल्यानंतर भुर्जीखाँ, असे त्यांचे दोन पुत्र मल्लिकार्जुन मन्सूरांना शिकविते झाले. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जी विद्या गेली, तिला ट्रंक लागली नाही. उलट अब्दुल करीमखाँसाहेबांच्या तबकड्या निघाल्या. अशीच एक तबकडी दुकानात वाजताना गदगच्या एका मुलाने ऐकली आणि तो गुरूच्या शोधात घरातून पळाला. तेच पुढे पंडित भीमसेन जोशी झाले. परंतु तबकडीने त्यांना केवळ घराबाहेर काढले. गाणे शिकण्यासाठी शेवटी त्यांना कुंदगोळास सवाई गंधर्वांच्या दारीच जावे लागले.

मग तबकडीची योग्यता केवळ वाट दाखविण्याइतकीच काय? गंगूबाई हनगल यांच्या १९३० नंतरच्या काही ध्वनिमुद्रिका ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. त्यांतील आवाज बारीक आणि चढा आहे. पुढे घशावरील उपचारानंतर तो खोल व भारदस्त झाला, आणि हुबळीने व साऱ्या देशाने त्यांना त्याच आवाजाने ओळखले. तो पहिला आवाज कोणत्याही शिष्येच्या गळ्यात उतरणे शक्य नव्हते. तो तबकडीतच राहिला. विद्या परंपरेने राहते. माणूस कोठे राहतो, तर अशा एखाद्या काळ्या तबकडीत, साडेतीन मिनिटांपुरता.

येथवर आम्ही निःशंक होतो. अडचण सत्ताविसाव्या सीडीने केली.

ती एका घरगुती बैठकीची आहे. गवई आज हयात नाहीत; नाव आम्ही देत नाही. विलंबित ख्याल संपतो, पेल्याचा आवाज येतो, आणि बुवा म्हणतात, “ते यंत्र बंद करा हो.” मामांचा आवाज येतो, “केले, बुवा.” आणि फीत चालूच राहते. पुढील चाळीस मिनिटे जे गाणे झाले आहे, तसे त्या बुवांच्या कोणत्याही प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेत आम्ही ऐकलेले नाही.

कायद्यापुरते पाहिले तर वाट अरुंद असली तरी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांचा स्वतंत्र हक्क १९९४ साली आला, १९९९ साली त्याची मुदत २५ वर्षांवरून ५० वर्षे झाली. आणि केवळ स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी केलेले मुद्रण त्या हक्काचा भंग मानले जात नाही. पण मामांनी बुवांना दिलेला शब्द कायद्याच्या आधी येतो. ते दोन शब्द असत्य होते, आणि ते असत्य त्याच सीडीवर, त्यांच्याच आवाजात, नोंदले गेले आहे. नष्ट केल्याने ते सत्य होणार नाही. वाटल्याने मात्र ते दर वेळी नव्याने बोलले जाईल.

आम्ही बुवांच्या एका वृद्ध शिष्यांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले : ठेवा, पण वाटू नका.

उत्तर सज्जनपणाचे आहे, आणि प्रथम आम्हांस हायसे वाटले. पुढे लक्षात आले की, एकाच घरात ठेविलेली वस्तू राहत नाही, हेच तर त्या ९ सीडींनी आम्हांस शिकविले. उरलेल्या संग्रहाच्या आम्ही तीन प्रती केल्या : एक हुबळीस, एक धारवाडास, एक बेळगावास बहिणीकडे. दोन हार्ड डिस्कवर आणि एक पुन्हा सीडींवर, कारण एका जातीचे साधन बिघडले तर दुसरे उरावे. सत्ताविसावी या व्यवस्थेत घातली तर ती तीन घरांच्या हाती गेली. न घातली तर आमच्याबरोबर संपणार. वाटणे आणि जगविणे या दोन क्रिया या युगात इतक्या एकरूप झाल्या आहेत की, एकीस नकार देऊन दुसरी करता येत नाही. अपरिग्रहाची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण तीत दुसऱ्याच्या मालकीची वस्तू जपण्याचे प्रकरण कोठे येते, ते कोणी सांगितले नव्हते.

मामींना आम्ही सर्व सविस्तर सांगितले. त्या ऐकत होत्या. शेवटी कोंकणीत एवढेच म्हणाल्या, “कोणाखातीर?”

त्या सीडीची एक प्रत आम्ही केली आहे आणि पडताळूनही पाहिली आहे. ती अजून हुबळीसच आहे. तिच्यावर नाव घातलेले नाही. बहिणीचे बेळगावाहून दोनदा विचारणे झाले की, सव्वीसनंतर एकदम अठ्ठावीस कशी.