पंचायतीपर्यंत आलेली तार

दिल्लीच्या द्वारकेत इंटरनेटसाठी कुणाच्या दारी जावे लागत नाही. कंपन्यांची माणसेच आमच्या सोसायटीच्या फाटकाशी येतात: राउटर फुकट, जोडणी फुकट. एकाच पदपथाखालून वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबली शेजारी-शेजारी गेल्या आहेत आणि प्रत्येकीसाठी तो पदपथ नव्याने खणला गेला आहे. सेक्टरांच्या मध्ये उरलेल्या पोचनपूर, धूलसिरस या जुन्या गावांची शेती दिल्ली विकास प्राधिकरणाने घेतली. आता तिथे भाड्याच्या खोल्यांची दाटी आहे, म्हणून फायबर तिथेही आहे. एका खांबावरून गल्लीभर ग्राहक मिळतात. धंद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण हाच हिशेब मेळघाटातल्या पाड्याला लावायचा का?

हा प्रश्न इंटरनेटहून जुना आहे. १९९४च्या दूरसंचार धोरणानंतर खासगी कंपन्यांना टेलिफोनचे परवाने मिळाले, तेव्हा ठराविक प्रमाणात गावांत सार्वजनिक फोन बसवण्याची अट होती. बहुतेकांनी शहरे आधी जोडली आणि गावांची अट न पाळता दंड भरला. दंड परवडत होता, गाव परवडत नव्हते. त्यातून धडा घेऊन २००२मध्ये सार्वत्रिक सेवा निधी आला: कंपन्यांनी आपल्या समायोजित उत्पन्नाचे ५ टक्के द्यायचे आणि त्यातून तोट्याच्या भागात सेवा न्यायची. शेवटी हा पैसा तुमच्या-माझ्या बिलातूनच जातो. तो आधी भारताच्या संचित निधीत जमा होतो आणि संसदेने मंजूर केला तरच गावाकडे वळतो. गावांसाठी गोळा केलेले हजारो कोटी वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिले, याचा दोष कंपन्यांना देता येणार नाही. तो सरकारचा आहे.

ऑक्टोबर २०११मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. मुदत दोन वर्षांची होती. हीच योजना पुढे ‘भारतनेट’ झाली. पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा संपायला २०१७चा डिसेंबर उजाडला. महाराष्ट्रात पुढचे काम राज्य सरकारने ‘महानेट’ म्हणून हाती घेतले.

तार पंचायतीत पोचली म्हणजे काय झाले, ते मी विदर्भातल्या आमच्या गावी पाहिले आहे. कार्यालयाच्या कोपऱ्यात, जुन्या दप्तरांच्या गठ्ठ्यांमागे लोखंडी पेटी आहे. आत यंत्र, बॅटरी आणि एक लाल दिवा. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली, त्याला दोन पावसाळे झाले. तार टाकणारा ठेकेदार बिल घेऊन गेला. दुरुस्ती कुणी करायची, हे ग्रामसेवकाला कुणी लेखी कळवलेले नाही. तो दाखल्यांचे काम स्वतःच्या मोबाईलवर करतो आणि ‘रेंज’ गेली की तळ्याच्या बांधावर जाऊन उभा राहतो. सरकारी आकडेवारीत मात्र हे गाव जोडलेले असणार. पीकपाहणी मोबाईलवर नोंदवा, रेशनसाठी यंत्रावर अंगठा लावा, असे सरकारच सांगते. मग त्यासाठीची तार चालू ठेवणे हेही सरकारचेच काम ठरते.

मोबाईल कंपन्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा इंटरनेट आले. पण टॉवर उभा राहतो तो गिऱ्हाइकांची संख्या पाहून, आणि सगळे गाव त्या एकाच टॉवरवर तुटून पडते. २०२०च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातली पशुवैद्यकीय शाखेची एक विद्यार्थिनी डोंगरावर झोपडी बांधून, पावसात, ऑनलाइन वर्गाला बसत होती. आपण तिच्या जिद्दीचे कौतुक केले. खरे तर आपल्याला त्या झोपडीची लाज वाटायला हवी होती.

गावे जोडण्याचा भार बाजारावर टाकून पाहिला, त्याचा निकालही समोर आहे. जून २०२१मध्ये १६ राज्यांतली भारतनेटची गावे खासगी भागीदारीतून जोडण्याचे ठरले. तोटा भरून काढायला सरकार १९,०४१ कोटी रुपये देणार होते. मुदती वाढवूनही निविदा आल्या नाहीत आणि ती प्रक्रिया रद्द करावी लागली. एवढे अनुदान समोर ठेवूनही ज्या गावांसाठी कुणी पुढे आले नाही, ती गावे बाजार आपणहून जोडेल असे मानण्याला मला काहीच आधार दिसत नाही.

कंपनीच्या औदार्यावरही गाव चालत नाही. मेळघाटातले हरिसाल २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीने ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. २०१९च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी भर सभेत त्याच गावाचे चित्रीकरण दाखवून त्या दाव्यांचे वाभाडे काढले. राजकारण बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. कौतुकाचा प्रकल्प आणि हक्काची सेवा यांत फरक असतो. प्रकल्प बंद पडला तर गावकऱ्याने दाद मागायला जागा नसते.

मग सहकार? अमेरिकेत १९३०च्या दशकात वीज कंपन्यांनी नाकारलेल्या शेतांवर सरकारी कर्ज घेऊन शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनीच वीज नेली. आपल्याकडे श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा संस्थेने काही दशके गावोगाव वीज वाटली. थकबाकी वाढत गेली आणि २०११मध्ये वितरण तिच्या हातून गेले. म्हणून नुसती मालकी गावाकडे देऊन भागणार नाही. वसुली आणि देखभाल यांचा रोकडा हिशेब आधी बसवावा लागेल.

माझे म्हणणे साधे आहे. तार सार्वजनिक असावी, रस्त्यासारखी, आणि तिच्यावरून सेवा विकायला सगळ्या कंपन्यांना सारख्या दराने मुभा असावी. केरळने २०२३मध्ये ‘के-फोन’ हे सरकारी जाळे सुरू केले, गरीब घरांना मोफत जोडणी हे त्याचे धोरण आहे. अडचणी त्यालाही आहेत, पण जबाबदारी कुणाची हे तिथे स्पष्ट आहे. केंद्राने ऑगस्ट २०२३मध्ये १,३९,५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर केली. तीत दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे आणि तार एका ठिकाणी तुटली तरी सेवा दुसऱ्या बाजूने चालू राहावी अशी वलयाकार रचना आहे. बारा वर्षांनी का होईना, मुद्द्याला हात घातला गेला. आता यातला पैसा खड्डे खणण्यात किती गेला आणि दुरुस्तीवर किती, हे दर वर्षी पंचायतवार जाहीर व्हायला हवे.

या दिवाळीत गावी जाणार असाल तर पंचायतीत जाऊन ती पेटी उघडायला सांगा. दिवा हिरवा नसेल तर ती कधीपासून बंद आहे आणि दुरुस्तीचा पैसा कुणाच्या खात्यात आहे, हे दोन प्रश्न लेखी द्या आणि पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्यांची नोंद करायला लावा.