न उगवलेले हेइसेई ३५

जपानमध्ये २०१८ साली पाच वर्षांसाठी दिलेल्या वाहन परवान्यांवर मुदत छापली होती 'हेइसेई ३५'. ते वर्ष उगवलेच नाही. जपानमध्ये वर्षे सम्राटाच्या युगानुसारही मोजतात. ३० एप्रिल २०१९ रोजी सम्राट अकिहितो पायउतार झाले, त्यांचे हेइसेई युग संपले आणि दुसऱ्या दिवशी रेइवा युग सुरू झाले. नव्या युगाचे नाव महिनाभर आधी, १ एप्रिलला जाहीर झाले. संगणकातल्या अक्षरांच्या युनिकोड या मानकाने त्याच्या चिन्हासाठी जागा त्याआधीच राखली होती. तिथे काय येणार हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. मला ती रिकामी जागा कालगणनेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. पुढचा काळ येणार हे आपण जाणतो, तो कोणत्या नावाने येणार हे जाणत नाही.

यावर संगणकाचा जाणकार म्हणेल की यंत्राच्या पोटात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अखंड मोजले जातात. युग हा पडद्यावरचा नुसता मुलामा. मोजणी अखंड असते, हे मान्य. पण त्या मोजणीला कालचा दिवस आणि २०५० सालचा दिवस सारखेच. माणसाला ते सारखे नसतात. आपला शिवराज्याभिषेक शकही राजाच्याच नावाचा, पण तो महाराजांच्या पश्चात पेशवाईतही पुढे मोजला गेला. जपानी युगाला मात्र शेवट असतो, आणि त्याची तारीख सहसा आधी लिहिता येत नाही. हेइसेईच्या आधीच्या शोवा युगाचे ६४ वे वर्ष अवघे सात दिवस टिकले. ७ जानेवारी १९८९ रोजी सम्राट हिरोहितो वारले. त्या वेळी नव्या नावाची आधी उघड तयारी करणे म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणे झाले असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: लोकशाहीतल्या नागरिकाने आपला जन्म सम्राटाच्या कारकिर्दीवर का मोजावा? याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही, आणि सिंहासनाची वकिली मला करायचीही नाही. मात्र 'एक सम्राट, एक युग' हा नियम १८६८ पासूनचा. त्याआधी युगे संकटांनंतरही बदलत. १६५७ च्या आगीत एदो शहर जळाले आणि पुढच्या वर्षी युग बदलले. काळाला मर्यादा घालायला राजाच लागतो असे नाही.

म्हणूनच आज एखादे सॉफ्टवेअर २०४८ सालच्या कर्जहप्त्यापुढे बिनदिक्कत 'रेइवा ३०' छापते, ते मला खटकते. तिथे २०४८ एवढेच लिहावे, आणि युगाचा रकाना कोरा ठेवावा.