चौथ्या पिढीचं नाव

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत देवळाच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. काही दगडांवर गाईगुरं कोरलेली असतात. गावची गुरं हाकून नेणाऱ्यांशी लढताना जो पडला, त्याचा तो दगड. म्हणजे लढणारा माणूस शेताभाताचा, गुराढोरांचाच होता. पण त्याचं नाव? बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नाही. गाव दगडाला शेंदूर लावतं, नारळ फोडतं. हा कुणाचा, असं विचारलं तर सांगता येत नाही.

आपल्या घरांतही असंच होत आलंय. गारगोटीच्या पंचक्रोशीत कुणालाही विचारा, कितीतरी घरांत उत्तर मिळतं, ‘आमच्यातले एकजण पलटणीत होते.’ एवढंच. कुठल्या पलटणीत, कुठं लढले, परत आले की नाही, याच्या पुढं गोष्ट सरकत नाही. शिवकाळात आपला शेतकरी दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर जायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी परतायचा. पुढं इंग्रजांच्या फौजेत ही सोय राहिली नाही. धूळवाफेची पेरणी असो की रोपलावण, हुकूम आला की निघायचं. वेदगंगेच्या काठचं भातशेत मागं ठेवून माणूस बोटीत बसायचा. ज्या मुलखात उतरायचं, त्याचं नावही त्यानं आधी ऐकलेलं नसायचं.

पहिल्या महायुद्धात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. साताऱ्यापासून कोल्हापूर-रत्नागिरीपर्यंतची शेतकऱ्यांची पोरं या पलटणींत होती. डिसेंबर 1915मध्ये टायग्रिस नदीकाठच्या कूत गावाला तुर्कांनी वेढा घातला. हा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. दाणागोटा संपला, घोडे कापून खायची पाळी आली. त्या मांसाला हात लावायला आपल्या कितीतरी शिपायांनी बराच काळ नकार दिला आणि ते उपाशी राहिले. 29 एप्रिल 1916 रोजी कूत पडलं. जे जगले ते कैदी झाले आणि त्यांतले पुष्कळजण वाळवंटातल्या पायपिटीत गेले.

मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची कबर किंवा चितेची जागा माहीत नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं गेलं. गोऱ्या शिपायांची नावं त्यावर कोरली. आपल्या साध्या शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचं नाव आणि त्यापुढं मेलेल्यांचा आकडा आला. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं 2021 साली, म्हणजे सुमारे शंभर वर्षांनी, हा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून भिंतींवर आहेत. या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच त्या सांगतात. तिथंही आकडाच.

सरकारनं नाव लिहिलं नाही, याचं दुःख खरं आहे. पण घरानं ते राखलं का? म्हाळाच्या दिवशी आपण वडील, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावं घेतो. 1916 साली कूतमध्ये असलेला माणूस आज चाळिशीत असलेल्याच्या पणजोबांच्या वडिलांच्या वयाचा. तो चौथ्या पिढीत गेला. म्हणजे नेमका आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत, त्याचं नाव घरातूनही पुसलं जातंय.

नाव कसं टिकतं, हे गारगोटीला वेगळं सांगायला नको. 13 डिसेंबर 1942 रोजी इथल्या कचेरीवर क्रांतिकारक चालून गेले आणि करवीरय्या स्वामी, नारायण वारके यांच्यासह सातजणांनी प्राण दिले. ते हुतात्मे आजही लोकांच्या तोंडी आहेत, कारण इथल्या माणसांनी त्यांची नावं वर्षानुवर्षं घेतली, संस्थांना दिली, पोरांना शिकवली. हे काम दगडानं केलं नाही, माणसांनी केलं. कचेरीवर चालून जाणारा आणि पोटासाठी पलटणीत भरती झालेला, दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. पण दोघंही याच मातीतल्या घरांतून निघाले होते आणि दोघांचीही कुणीतरी वाट पाहत होतं.

त्या वाट पाहणारीचंही नाव हरवलंय. नवरा परमुलखात असताना तिनं पैऱ्यानं नांगरट करून घेतली, लावण उरकली, म्हातारीकोतारी आणि पोरं जगवली. आलेल्या मनीऑर्डरवर अंगठा उठवला. शिपायाची गोष्ट सांगताना तिला वगळलं, तर ती गोष्ट अर्धीच राहते.

म्हणून आज सकाळी एक काम करू या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसू या आणि विचारू या. जुनी ट्रंक उघडून पाहू या. पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक असेल, तर त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पेन्शनचा कागद, डिस्चार्जचं पुस्तक, जमिनीचे जुने फेरफार यांतही नावं सापडतात. फेरफारात तर पुष्कळदा त्या बाईचंही नाव वारस म्हणून लागलेलं असतं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, कोल्हापुरात सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं चौकशी करता येते. बसऱ्याच्या दगडावर जी नावं आली नाहीत, त्यांतली पुष्कळ आता आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

जे सापडेल ते वहीत लिहू या. त्याचं नाव, तिचं नाव, गाव, शेताचं नाव, पलटण. आणि यंदाच्या म्हाळाला तीन पिढ्यांवर न थांबता हे चौथं नाव पोरांच्या देखत मोठ्यानं घेऊ या. ते राखणं आता आपल्याच हाती आहे.